इंजिन खाली आहे तोवर

गाडीचं इंजिन उतरवायची मजुरी मालकाला एकदाच पडावी, एवढ्या एका हेतूनं ही पुस्तिका तयार झाली आहे. क्लच घसरतोय म्हणून किंवा बोअरचं काम निघालं म्हणून इंजिन बाहेर येतं. ठरलेलं काम होतं, इंजिन परत चढतं, मालक पैसे चुकते करून गाडी घेऊन जातो. आणि पुढचा पावसाळा यायच्या आत तीच गाडी गॅरेजच्या दारात उभी राहते, कारण आता क्रँकच्या मागचं ऑइल सील गळायला लागलेलं असतं. सील मिळतं काही शे रुपयांना. तिथपर्यंत हात पोचायचा तर गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं पुन्हा सोडावं लागतं आणि मजुरी हजारांत जाते. मागच्या खेपेला हेच सील समोर उघडं होतं. त्या दिवशी ते गळत नव्हतं, म्हणून कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

मग मालकाला वाटतं, मिस्त्रीनं फसवलं. मिस्त्री म्हणतो, तेव्हा सील बदलायचं सुचवलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता की बिल फुगवतोय. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं. गॅरेज आणि मालक यांची वर्षानुवर्षांची ओळख अशा एखाद्या सीलवरून तुटलेली मी पाहिली आहे आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. काम करणाऱ्याच्या हाताला कसब होतं, मालकाची पैसे द्यायची तयारी होती. फक्त इंजिन उतरायच्या आधी दोघं दहा मिनिटं बोलले नव्हते. त्या दहा मिनिटांत काय बोलायचं, हा या पुस्तिकेचा विषय आहे.

उदाहरणासाठी मारुती ८०० घेतली आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजी या गाडीची पहिली किल्ली ग्राहकाच्या हाती पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत आपल्याकडच्या किती तरी मिस्त्र्यांचा हात याच गाडीवर बसला. पण ती निवडण्याचं खरं कारण तिची रचना हे आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढे आडवं बसवलेलं, त्याला लागूनच गिअरबॉक्स, आणि ओढ पुढच्या चाकांना. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांची मांडणी हीच आहे, त्यामुळे इथे शिकलेलं इतरत्र उपयोगी पडतं.

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत किंवा अँबेसेडरमध्ये इंजिन उभं असे, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि तिथून प्रोपेलर शाफ्ट मागच्या चाकांकडे. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही बाजूंना हात फिरायला जागा होती. फोक्सवॅगन बीटलचं मागचं इंजिन तर गिअरबॉक्सला चार बोल्टांवर धरलेलं असायचं. ते उतरवणं हा तिथे नेहमीच्या कामाचाच भाग होता. आडव्या इंजिनाच्या गाड्यांनी प्रवाशांना जागा दिली, पण ती बॉनेटखालून काढून दिली. आता इंजिन आणि केबिनच्या पुढचा पत्रा, ज्याला गॅरेजमध्ये फायरवॉल म्हणतात, यांच्यामधल्या फटीत मोठ्या माणसाचा हात धड जात नाही. तिथे काय काय कुजतंय हे वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. म्हणून इंजिन बाहेर असण्याची संधी आजच्या गाडीत पूर्वीपेक्षा जास्त मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडची. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते, नंतर तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांनी वाढवून मिळते. साधारण याच वयात गाडीचं इंजिन पहिल्यांदा मोठ्या कामाला येतं. मालकानं गाडी ठेवायची असं ठरवलेलं असतं, म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा विचार तो करतच असतो. त्या विचारात गळतीचा आणि गंजलेल्या ब्रेक पाइपचा विचारही बसायला हवा.

कुठला भाग बदलायचा आणि कुठला ठेवायचा, यासाठी मी एकच कसोटी मानतो. भागाची किंमत आणि तिथवर पोचायची मजुरी शेजारी शेजारी लिहायची. भाग स्वस्त आणि मजुरी भारी असेल तर तो चांगला दिसत असला तरी बदलायचा. भाग महाग आणि बॉनेट उघडल्यावर सहज निघणारा असेल तर तो खराब होईपर्यंत चालू द्यायचा. या कसोटीवर क्रँकचं मागचं सील आणि क्लचचं रिलीज बेअरिंग नेहमी पहिल्या गटात पडतात. स्टार्टर, अल्टरनेटर, प्लग, डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या गटात. वाद होतो तो मधल्या भागांवर, आणि या पुस्तिकेची निम्मी पानं त्यांच्यावर आहेत.

सगळ्यात जास्त सांगण्यासारखं आहे ते इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याबद्दल. दोन्ही वेगळे झाले की पोरगं लगेच डिझेल आणि ब्रश घेऊन धुवायला धावतं. त्याला थांबवावं. आतली घाण आधी नीट पाहायची असते. क्लचची काळी धूळ कोरडी असेल तर ठीक. ओली असेल तर ओल कुठून सुरू होते हे शोधायचं. फ्लायव्हीलच्या मागून, क्रँकच्या मध्यापासून खाली ओघळ आलेला असेल तर क्रँकचं सील. रिलीज बेअरिंगच्या नळीभोवती ओल असेल तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. शंका आली तर ते तेल बोटावर घेऊन हुंगावं. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो, इंजिन ऑइलला तसा येत नाही. ही परीक्षा फुकट आहे आणि धुतल्यावर ती करता येत नाही.

सील बदलणं म्हणजे जुनं उचकटून नवं ठोकणं, असं समजणारे बरेच आहेत. सीलच्या आत रबराची पातळ लिप असते आणि तिला क्रँकवर दाबून धरणारी बारीक गोल स्प्रिंग असते. ती लिप वर्षानुवर्षं क्रँकच्या एकाच रेघेवर घासलेली असते. जुनं सील काढल्यावर तिथे नख आडवं फिरवावं. नखाला खाच लागली तर नवं सील त्याच जागी बसवून उपयोग नाही. हाउसिंगमध्ये जागा असेल तर ते मिलिमीटरभर सरकवून बसवावं, म्हणजे लिप ताज्या पृष्ठभागावर येते. बसवण्याआधी लिपला तेल लावायचं, नाहीतर पहिल्या स्टार्टलाच ती कोरडी घासून जळते. आणि सील चारी बाजूंनी सारखं आत जायला हवं. एका कडेला हातोडी मारून तिरकं गेलेलं सील महिन्याभरात गळतं आणि दोष कंपनीला जातो. मारुती ८०० सारख्या गाडीत हे सील वेगळ्या हाउसिंगमध्ये असतं. त्या हाउसिंगचं पॅकिंग आणि खाली ऑइल चेंबरशी त्याचा जिथे सांधा होतो तो कोपरा, इथूनही तेल पाझरतं आणि सीलच्या नावावर खपतं. इंजिन स्टँडवर आहे तोवर चेंबर सोडवून त्याचं पॅकिंग बदलणं आणि आतली जाळी धुणं हे तासाभराचं काम आहे.

क्लचबद्दल मत स्पष्ट आहे: प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलावं. बेअरिंग हातात घेऊन फिरवलं आणि आवाज आला नाही म्हणून ठेवलं, असं करू नये. ते भाराखाली बोलतं, हातात नाही. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर ते लेथवर फेसिंगला पाठवावं. त्याच वेळी रिंग गिअरचे दात मोजून नाही, पण फिरवून पाहावेत. इंजिन बंद होतं तेव्हा ते कम्प्रेशनच्या अडथळ्यापाशी थांबतं, त्यामुळे स्टार्टर पुन्हा पुन्हा त्याच दातांत अडकतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात अशा तीन जागा येतात आणि तिथले दात झिजलेले असतात. सकाळी स्टार्टर नुसता फिरल्याचा आवाज कधी कधी येतो, नेहमी येत नाही, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

आता डम्या. ब्लॉकच्या अंगावर पत्र्याच्या गोल वाट्या ठोकलेल्या दिसतात, त्यांना आपल्याकडे डमी म्हणतात. ब्लॉक ओतताना पाण्याचे मार्ग तयार व्हावेत म्हणून साच्यात वाळूचे गाभे ठेवलेले असतात. ओतकाम झाल्यावर ती वाळू बाहेर काढायला भोकं लागतात, आणि ती भोकं या डम्यांनी बंद करतात. पाणी गोठलं तर ब्लॉक फुटू नये म्हणून त्या ठेवलेल्या असतात हा समज चुकीचा आहे. आपल्या हवेत त्यांचं मरण वेगळं असतं. रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं किंवा बोअरचं पाणी ओतायची सवय आहे. बोअरच्या पाण्यातला क्षार आत थर धरतो आणि डमी आतून गंजत जाते. बाहेरून तिच्यावर रंग असतो, ती नवी दिसते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच ठोकून पाहिलं की कळतं. चांगली डमी खणखणीत वाजते, सडलेली दबते. तिच्या कडेला तांबूस ओघळ सुकलेला असेल तर ठोकूनही पाहू नये, सरळ बदलावी.

गिअरबॉक्सकडच्या आणि फायरवॉलकडच्या डम्या इंजिन गाडीत असताना निघत नाहीत. त्यांपैकी एकीला टाचणीएवढं भोक पडलं तर घाटात सगळं पाणी निघून जातं, काटा वर जातो, आणि चालकाच्या लक्षात येईपर्यंत हेड वाकलेलं असतं. काही रुपयांच्या वाटीपायी हेडचं काम. म्हणून इंजिन खाली असेल तर सगळ्या डम्या बदलाव्यात, असं मी आग्रहानं सांगतो. एका कडेवर ठोकून डमी आडवी करायची आणि पकडीनं बाहेर ओढायची. आत पडू द्यायची नाही. भोकाची कड पॉलिश पेपरनं साफ करायची, पातळ सीलंट लावायचं आणि बरोबर मापाचं सॉकेट ठेवून डमी सरळ आत न्यायची. जुनी डमी निघाली की त्या भोकातून आत बोट घालून पाहावं. गंजाचा आणि क्षाराचा गाळ शेवटच्या सिलिंडरच्या बुडाशी साचलेला बरेचदा हाताला लागतो. तो खरवडून, पाण्याच्या जोरावर धुऊन काढण्याची संधी पुन्हा येत नाही. नंतर मात्र रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच जायला हवं, नाहीतर हे सगळं वाया.

याला जोडूनच एक तक्रार नोंदवून ठेवतो. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायची पद्धत आपल्याकडे मूळ धरून बसली आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायला फार वेळ घेतं, ऑइल घट्ट राहतं, पेट्रोल जास्त लागतं आणि बोअर झिजतो. ज्या गाडीचं बोअरचं काम निघालं आहे तिच्यात थर्मोस्टॅट आहे का, हे आधी पाहावं. नसेल तर नवं इंजिन बांधताना तो घालावा, आणि गरम होण्याचं खरं कारण रेडिएटरमध्ये शोधावं.

टायमिंग बेल्ट इंजिन गाडीत असतानाही निघतो, पण इंजिन स्टँडवर असताना तो बदलणं फार सोपं. कंपनीनं सांगितलेल्या किलोमीटरांपैकी निम्मे झाले असतील तर बेल्ट, टेन्शनर आणि पुढची सीलं त्याच वेळी उरकावीत. एक्सल ओढले की डिफरन्शियलच्या दोन्ही बाजूंची ऑइल सीलं आणि फाटलेले बूट हेही तसंच. इंजिन ज्यावर बसतं त्या फाउंडेशनची रबरं दबलेली असतील तर बदलावीत. गाडी न्यूट्रलला असताना गिअरचा दांडा थरथरत असेल तर ती दबलेली आहेत असं समजायला हरकत नाही.

इंजिन मशीन शॉपला गेलं की चार-पाच दिवस गाडी तोंड उघडं टाकून उभी असते. हे दिवस बहुतेक गॅरेजांत वाया जातात, आणि पावसाळ्यात तर गाडी अंगणात ढकलून दिलेली असते. खरं तर फायरवॉलचं काम करायची वेळ हीच. बॅटरीच्या तळाखालचा पत्रा आधी पाहावा. आम्ल सांडून तो सर्वांत आधी जातो. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेमुळे पत्र्याच्या जोडांपाशी गंज आत शिरलेला असतो, तो तारेच्या ब्रशनं मोकळा करून प्रायमर आणि रंग द्यावा. ब्रेकचे लोखंडी पाइप क्लिपांच्या खाली हमखास गंजतात, कारण तिथे ओल धरून राहते. क्लिप उघडल्याशिवाय ते दिसत नाही. स्टिअरिंग रॅकचे बूट, हीटरचे होज, ॲक्सिलरेटर आणि क्लचच्या केबली, सगळं याच भिंतीवर आहे. वायरिंग उष्णतेनं कडक झालेलं असतं आणि वाकवलं की आवरण तडकतं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरा टेप गुंडाळून झाकलेल्या सापडतात. तो टेप काढून पाहावा.

याच भिंतीपाशी एक छोटी पट्टी असते, तिच्यावर मी या पुस्तिकेत दोन पानं खर्च केली आहेत. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीनं ते बॉडीपासून तुटलेलं असतं. दोघांना जोडते ती अर्थची पट्टी. इंजिन चढवताना ती लावायची राहिली किंवा गंजलेल्या पत्र्यावर रंगावरूनच कसली, तर स्टार्टरचा मोठा करंट दुसरी वाट शोधतो आणि ती वाट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते. केबल तापते, आतलं अस्तर वितळतं, पेडल जड होतं. मिस्त्री केबल बदलतो. नवीही तशीच जाते. पत्रा घासून, नवी पट्टी, नवा बोल्ट, वरून थोडं ग्रीस: एवढंच करायचं असतं.

आता उलट बाजू, आणि ती तितकीच महत्त्वाची. ‘उघडलंच आहे तर’ या नावाखाली चांगलं इंजिनही खोललं जातं. नुसत्या क्लचसाठी इंजिन उतरलं असेल, कम्प्रेशन सगळ्या सिलिंडरमध्ये सारखं असेल आणि ऑइल प्रेशर ठीक असेल, तर हेडला हात लावू नये. क्रँक आणि त्याची बेअरिंगं एकमेकांना सरावलेली असतात. बेअरिंगं उगीच काढून पुन्हा बसवली तर गाडीचं आयुष्य वाढत नाही. आणि बाजारात नकली माल उदंड आहे. जुना अस्सल पार्ट काढून नवा नकली बसवणं हे नुकसानच. खात्रीचा पार्ट मिळत नसेल आणि जुना कामाचा असेल, तर जुनाच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे ठरवायचं तर कम्प्रेशन इंजिन गाडीत असतानाच मोजलं पाहिजे. गाडी गरम करून, एक फेरी मारून, खाली कागद अंथरून तेल कुठे पडतं ते पाहावं. वायरिंगचे फोटो मोबाइलवर काढावेत, प्रत्येक जोडाला चिठ्ठी बांधावी. एसी असेल तर कॉम्प्रेसर पाइपांसकट बाजूला बांधून ठेवता येतो का ते पाहावं. गॅस हवेत सोडून देऊ नये, तो यंत्रानं काढून घ्यावा. ब्लॉक बदलायची वेळ आली तर इंजिन नंबर बदलतो, आणि त्याची नोंद आरटीओकडे आरसी बुकात करून घ्यावी लागते. हे मालकाला इंजिन उतरायच्या आधीच सांगायला हवं. पुलीवर लटकलेल्या इंजिनाखाली कुणीही हात किंवा डोकं घालू नये, हे तर प्रत्येक प्रकरणात पुन्हा लिहिलं आहे आणि ते जाणूनबुजून लिहिलं आहे.

मालकांना माझी विनंती आहे की मिस्त्रीनं सील किंवा डमी बदलायचं सुचवलं तर त्याच्यावर लगेच संशय घेऊ नका; त्याला कारण विचारा, तो ते दाखवू शकेल. मिस्त्र्यांना विनंती आहे की बदललेला प्रत्येक जुना पार्ट पिशवीत घालून गाडीबरोबर परत द्या, मालकानं मागितला नाही तरी द्या. पुस्तिकेच्या शेवटी यादीची कोरी पानं जोडली आहेत. पार्टचं नाव, त्याची किंमत, तिथवर पोचायची मजुरी आणि बदलायचं की ठेवायचं, असे चार रकाने आहेत. इंजिनाला साखळी लावायच्या आधी ते पान दोघांनी मिळून भरा आणि खाली दोघांनीही सही करा.